दडपणाखालील स्थैर्य : पंडिता रमाबाई आणि शारदासदनाचा वाद

१. स्थैर्याची कल्पना

एखाद्या धर्मसंस्थेच्या किंवा सेवासंस्थेच्या प्रमुखावर सर्व बाजूंनी टीका होत असता त्याने चित्ताचे स्थैर्य कसे राखावे, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेले पौलाचे पत्र कारावासातून लिहिलेले आहे, आणि तरीही शांती व आनंद हेच त्याचे प्रमुख विषय आहेत. शुभवर्तमानांत वादळी सरोवरात नावेवर निजलेल्या येशूचे चित्र आहे. त्याचप्रमाणे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झालेल्या येशूचेही आहे. या दोन्ही प्रसंगांचा एकत्र विचार केल्याखेरीज ख्रिस्ती परंपरेतील स्थैर्याची कल्पना स्पष्ट होत नाही. ज्याच्या ठिकाणी शांती आहे असे मानावयाचे, त्यालाच येथे यातना होत आहेत. परंतु यातना होत असूनही तो आपल्या कार्यापासून ढळत नाही.

मराठी वाचकास स्थैर्य म्हटले की प्रथम गीतेतील स्थितप्रज्ञ आठवतो. सुखदुःखांविषयी समभाव हे त्या आदर्शाचे प्रमुख लक्षण होय. ख्रिस्ती कल्पनेत समभावापेक्षा विश्वासावर अधिक भर आहे. दुःख, राग, भीती या भावना नाकारल्या जात नाहीत; त्यांच्या भरात निर्णय बदलावयाचा नाही, एवढीच अपेक्षा असते. या कल्पनेस दुसरीही एक बाजू आहे. ख्रिस्ती पुढारी हा संस्थेचा धनी नसून कारभारी आहे आणि त्याचा अंतिम हिशेब ईश्वराजवळ व्हावयाचा आहे, असे ती परंपरा मानते. त्यामुळे लोकांची स्तुती किंवा निंदा हा त्याच्या कामाचा शेवटचा निवाडा ठरत नाही.

तत्त्व म्हणून हे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्ष व्यवहारात त्याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यास पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रातील १८९३ सालचा प्रसंग विशेष उपयोगी आहे. याचे कारण असे की, त्यांच्यावरील दडपण एकाच बाजूचे नव्हते. हिंदू समाजाला त्या अतिशय ख्रिस्ती वाटत होत्या, आणि ज्यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या.

२. पूर्वपीठिका

रमाबाई स्वभावतः शांत होत्या, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांची पत्रे तीव्र आहेत, काही ठिकाणी उपरोधिकही आहेत. तेव्हा त्यांचे स्थैर्य ही जन्मजात देणगी नसून आयुष्यक्रमात घडत गेलेली वृत्ती होती, असेच मानणे युक्त होईल.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, आणि आईने ते मुलीस शिकविले. तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगणे ही या कुटुंबाची वृत्ती होती. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ च्या सुमारास प्रथम वडील, नंतर आई आणि थोरली बहीण यांचा अन्नावाचून अंत झाला. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. तेही १८८२ च्या आरंभी पटकीने वारले. चोवीस वर्षांचे वय पुरे होण्यापूर्वीच मनोरमा या लहान मुलीखेरीज त्यांना निकटचे असे कोणी उरले नाही. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी संबंध आहे तो असा. लोकमताच्या आधारावाचून, किंबहुना कोणत्याही आधारावाचून, जगण्याची सवय त्यांना फार लवकर लागली होती. समाजाने आश्रय काढून घेतला तर काय होते, हे त्यांनी प्रत्यक्ष भोगले होते. त्यामुळे ‘आश्रय काढून घेऊ’ या धमकीचा त्यांच्यावर होणारा परिणाम इतरांपेक्षा निराळा असणे साहजिक होते.

३. वांटेज येथील मतभेद

वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. वांटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा विचार सोडावा लागला. त्यांच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच सुमारास आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या घटनेने महाराष्ट्रात मोठा क्षोभ झाला. मात्र जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

बाप्तिस्म्याने वाद संपला नाही. नव्या घरात नवा वाद सुरू झाला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून या वादाचे स्वरूप नीट कळते. त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. संघाला त्यात जातीचा अभिमान दिसत असे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत व शिकवीत असता त्यांनी पुरुषांस शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. पुरुषांच्या सभांतून व्याख्याने देत भारतभर हिंडलेल्या स्त्रीला हे मत मान्य होण्याजोगे नव्हते.

या सर्व उत्तरांतील सूत्र एकच आहे. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचा अधिकार विचार न करता मानावयाचा नाही. श्रद्धेच्या बाबतीत सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हवाली करावयाची नाही. ज्या संघाचे अन्न आपण खात आहोत त्यालाच हे सांगणे सोपे नव्हते. तथापि त्यांनी ते सांगितले, आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी असलेले स्नेहाचे नातेही तोडले नाही. मनोरमेचे शिक्षण पुढे काही काळ याच भगिनींच्या देखरेखीखाली झाले. मतभेद आणि ऋणभाव ही दोन्ही एकाच मनात वागविता येतात, असे यावरून दिसते.

४. शारदासदन आणि १८९३ चा पेच

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८७ साली त्यांचा ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी निवासी शाळा चालविण्यास दहा वर्षे साहाय्य करण्याचे या मंडळाने मान्य केले. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि मुलींच्या धर्माचरणात हात घातला जाणार नाही, ही त्या योजनेतील प्रमुख अट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले; नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्यास हलविले गेले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर इत्यादी गृहस्थ सल्लागार मंडळात होते. मुलींना आपले सोवळे-ओवळे आणि पूजा पाळण्याची मोकळीक होती. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथांबरोबर बायबलही ठेवलेले होते.

येथेच पेचाचे बीज होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह नित्य प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे आणि काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. काहींच्या मनात ख्रिस्ती धर्माविषयी ओढ निर्माण झाली. ‘केसरी’ने यावर सातत्याने टीका केली. सुधारकांना आपल्या नावावर पालकांनी मुली पाठविल्या आहेत याची जाणीव होती. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि संस्थेशी आपला संबंध उरला नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

दार बंद करून प्रार्थना केली असती तर हे टळले असते, असे अनेकांस वाटले. रमाबाईंनी दार बंद केले नाही. बोस्टन मंडळाच्या कार्यकारिणीच्या प्रमुख श्रीमती अँड्र्यूज यांनी पुण्यास येऊन पाहणी केली आणि मंडळाने रमाबाईंवरील आपला विश्वास कायम ठेवला.

५. भूमिकेचे पृथक्करण

रमाबाईंचे हे वर्तन हट्टाचे होते की स्थैर्याचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी कोणते वचन दिले होते आणि कोणते दिले नव्हते, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

संस्थेचा कार्यक्रम म्हणून ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाही, असे वचन त्यांनी दिले होते. स्वतःचा धर्म लपवून ठेवण्याचे वचन मात्र त्यांनी दिले नव्हते. हिंदू मुलीला तिची पूजा करण्यापासून अडवावयाचे नाही, तर ख्रिस्ती प्रमुखाला त्याच्या प्रार्थनेपासून का अडवावे, आणि एखादी मुलगी तेथे येऊन बसली तर तिला हाकलावे का, असा त्यांचा युक्तिवाद होता. वांटेज येथे स्वतःसाठी मागितलेले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्यच त्या येथे मुलींसाठी मागत होत्या. ज्या तत्त्वाच्या बळावर त्यांनी चर्चला नकार दिला, त्याच तत्त्वाच्या बळावर सल्लागार मंडळालाही नकार दिला. दोन परस्परविरुद्ध दडपणांखाली एकच माणूस एकच उत्तर देतो, तेव्हा ते उत्तर प्रसंगानुरूप शोधलेले नाही असे म्हणता येते. त्यांच्या स्थैर्याचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे.

परंतु विरुद्ध बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. रानडे आणि भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे अग्रणी होते. धर्मद्वेष हे त्यांच्या राजीनाम्याचे कारण होऊ शकत नाही. त्यांच्यापुढील अडचण खरी होती. शारदासदनातील मुली निराधार, बहुतेक अल्पवयी आणि अन्नवस्त्रासाठी रमाबाईंवर अवलंबून होत्या. आश्रय देणाऱ्या, विद्वान आणि प्रेमळ स्त्रीचे उघडे दार हा अशा मुलींच्या दृष्टीने केवळ पर्याय राहत नाही, ते एक आकर्षण होते. शिकवण न देताही उदाहरणाने शिकविले जाते. ज्या पालकांनी निधर्मी शिक्षणाच्या हमीवर मुलगी पाठविली त्यांना आपण फसविले गेलो असे वाटले असेल, तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. दिलेल्या वचनाचा शब्द पाळला गेला. ऐकणाऱ्याने त्या वचनाचा जो अर्थ घेतला होता तो मात्र पाळला गेला नाही.

याची किंमत मुलींनी दिली, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही. काढून नेलेल्या मुलींपैकी अनेकींना पुन्हा त्याच घरांत जावे लागले, जेथून शिक्षणाच्या आशेने त्या बाहेर पडल्या होत्या. पुढारी दडपणाखाली ठाम राहतो तेव्हा त्या ठामपणाचा भार पुष्कळदा त्याच्या आश्रितांवर पडतो. तेव्हा आपल्या स्थैर्याचा भार कोणावर पडत आहे, हेही पुढाऱ्याला पाहावे लागते.

६. वादानंतरची वर्षे

वादानंतर रमाबाईंनी काय केले, हे वादात त्या काय म्हणाल्या याइतकेच महत्त्वाचे आहे. वर्तमानपत्री युद्धात त्यांनी आपली शक्ती घालविली नाही; शाळा चालू ठेवली. बोस्टन मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार हे ध्यानात घेऊन त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावण्यास आरंभ केला, कारण मदत थांबली तरी संस्था थांबू नये, असा त्यांचा हिशेब होता. दडपणाखाली शांत राहणाऱ्या पुढाऱ्याच्या मागे बहुधा अशी एखादी शांतपणे केलेली तरतूद असते. केवळ मनोबलावर संस्था उभी राहत नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून उपासमारीत सापडलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्या वेळी पुण्यात प्लेग होता. शहरात इतक्या लोकांस ठेवता येईना, तेव्हा केडगावची जमीन उपयोगी पडली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. १८९७ सालीच त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात व विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांची काय स्थिती होते ते उघड केले. सरकारी पातळीवरून त्याचा इन्कार झाला. येथे दडपण तिसऱ्या दिशेने आले होते, आणि राज्यकर्ते स्वधर्मीय होते म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

याहून लक्षणीय बदल १८९८ नंतरचा आहे. जुन्या करारातून मुक्त झाल्यावर त्यांनी संस्थेचे धोरण उघडपणे ख्रिस्ती केले. १८९३ च्या वादात जी संदिग्धता होती ती त्यांनी अशा रीतीने स्वतःच नाहीशी केली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी असे नमूद केले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्त यांतील भेद उमगला, आणि आंतरिक समाधान तेव्हा लाभले. हा काळ १८९१ च्या आसपासचा, म्हणजे पुण्यातील वाद विकोपास जाण्यापूर्वीचा आहे. मताने स्वीकारलेल्या धर्माच्या जागी अनुभवाने स्वीकारलेला धर्म आला होता, ही गोष्ट त्यांच्या १८९३ मधील वर्तनाचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

वादाचा दुसरा परिणाम शारदासदनाबाहेर दिसतो. सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे याच वर्षी, झाला. कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि हिंदू पालकांस विश्वास वाटेल असा विधवाश्रम उभारला. रमाबाईंच्या आग्रहामुळे जी पोकळी निर्माण झाली ती भरून काढण्याचे कार्य अशा प्रकारे त्यांच्याच विद्यार्थिनीच्या साहाय्याने झाले. दोन्ही संस्थांनी आपापली भूमिका स्पष्ट केली आणि पालकांस निवड करणे शक्य झाले. १८९३ पूर्वी ही स्पष्टता नव्हती.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. पहिली अशी की, दडपणाखालील स्थैर्य म्हणजे भावनांचा अभाव नव्हे. रमाबाईंस राग येत असे, दुःख होत असे, आणि त्या ते लपवीत नसत. दुसरी गोष्ट, स्थैर्याचे मूळ वादाच्या क्षणी मिळविलेल्या धीरात नसून कोणत्या बाबतीत तडजोड करता येईल आणि कोणत्या बाबतीत नाही, याच्या पूर्वीच केलेल्या निवाड्यात असते. जेवणाची पंगत, सोवळे, अभ्यासक्रम यांत रमाबाईंनी पुष्कळ तडजोड केली; प्रार्थनेचे दार मात्र त्यांनी तडजोडीत घातले नाही. तिसरी गोष्ट, स्थैर्य आणि हट्ट यांतील भेद दोन कसोट्यांवर ठरतो. तोच नियम आपण आपल्या पक्षालाही लावतो काय, ही पहिली कसोटी. आपल्या भूमिकेतील संदिग्धता ध्यानात आल्यावर ती दूर करतो काय, ही दुसरी. पहिल्या कसोटीस रमाबाई पूर्णपणे उतरतात. दुसरीस उतरण्यास त्यांना पाच वर्षे लागली, आणि त्या अवधीत काही मुलींचे नुकसान झाले, हेही नोंदविले पाहिजे.

अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग या विवेचनास पूरक आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले होते. जिच्या हाती संस्था सोपवावयाची ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. त्यानंतरही भाषांतराचे काम थांबले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुद्रणालयातून बाहेर पडला. १८९३ सालच्या ‘केसरी’ची पाने, वांटेजचा पत्रव्यवहार आणि हे भाषांतर ही तिन्ही साधने अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचावीत. तिन्हींत एकच आग्रह दिसतो : ईश्वराजवळ जाताना मनुष्याने दुसऱ्याच्या परवानगीची वाट पाहू नये. रमाबाईंचे स्थैर्य या आग्रहावर उभे होते. त्याचे यश आणि त्याची किंमत या दोहोंचा उगमही तेथेच आहे.